हाकमारीचं गाणं आणि वीस तोंडांचा फासा

मी वीस तोंडांचा फासा बोलतोय. दचकू नका. दहा तोंडांच्या रावणाचा केवढा गाजावाजा झाला. मला त्याच्या दुप्पट तोंडं आहेत आणि मी अजून कुणाची बायको पळवलेली नाही. माझ्या एकेका तोंडावर एकेक आकडा आहे, एकपासून वीसपर्यंत. मला टेबलावर फेकतात, मी गडगडतो, थांबतो, आणि वर जो आकडा येईल त्यावर राजे मरतात, राक्षस पळतात, भल्याभल्यांची बोबडी वळते. इतका मान तुमच्या सापशिडीतल्या फाशाला कधी मिळाला असेल तर सांगा.

माझा जन्म जळगावचा. सरदारचाचा लाकूड कातण्याचं काम करतात. लाटणी, रव्या, पलंगाचे पाय. एका शिसवी पलंगाच्या पायाचा उरलेला तुकडा म्हणजे मी. चाचांची पुतणी मंतशा शाळेत गणित शिकवते. तिनं पुठ्ठ्याचा एक नमुना करून आणला आणि म्हणाली, ‘‘चाचा, असा फासा हवाय. वीस बाजूंचा.’’

चाचांनी चष्मा कपाळावर ढकलला. ‘‘छे बाजू में क्या कम पड़ रहा है तुम लोगों को?’’

पण गडी पडला हौशी. माझ्या आधी दोघं जन्मले आणि वाया गेले. पहिला लिंबासारखा नुसता पळत सुटायचा, थांबायचं नाव नाही. दुसरा कसाही टाका, सातावरच बसायचा. तिसरा मी. चाचांनी तापल्या खिळ्यानं माझ्यावर मराठी आकडे डागले आणि मग परीक्षा म्हणून जेवणाच्या ताटाशेजारी मला शंभर वेळा फेकलं. चाची शेवटी ताट उचलून घेऊन गेल्या. चाचांच्या ते संध्याकाळी लक्षात आलं.

मंतशानं मला पिंप्राळ्याला आणलं. तिथे मेघाच्या घरावर एक पत्र्याची खोली आहे. मेघा खाली ब्यूटी पार्लर चालवते. दर रविवारी दुपारी ती, मंतशा आणि रावेरहून मोटारसायकलवर येणारा समाधान असे तिघं त्या खोलीत जमतात. समाधान केळीच्या पॅकिंगवर मुकादम आहे. आठवडाभर घड मोजणारा हा माणूस रविवारी ‘तीरकमान्या’ नावाचा धनुर्धर होतो. मेघा होते ‘महाराणी ज्वालामुखी’, बोटातून जाळ काढणारी. मंतशा सूत्रधार. म्हणजे गोष्ट ती सांगते, राक्षस तिचे, डोंगर तिचे, आणि ‘आता तुम्ही काय करता?’ हा प्रश्नही तिचाच. बाकीचे काय करायचं ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं, हे मी सांगतो. आहे की नाही मानाची जागा?

चौथा भिडू आला तो भांडायला. मेघाच्या घरासमोर लीलाधर नाना राहतात. मूळचे धुळ्याकडचे, तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. चार वर्षांपूर्वी एका रविवारी वरच्या आरडाओरड्यानं त्यांची झोपमोड झाली आणि ते तरातरा जिना चढून आले. ‘‘काय गोंधय शे हाऊ?’’ त्या वेळी राक्षसाचा एकच घाव बाकी होता. मंतशानं मला सरळ नानांच्या हातात दिलं. नानांनी फेकलं. मी वीस आलो! छप्पर उडायचं तेवढं राहिलं. नाना तिथल्या रिकाम्या खुर्चीवर जे बसले ते चार वर्षं बसले.

त्यांच्या वीराचं नाव गोटू पहिलवान. तलवार नको, जादू नको, हातात मुसळ पाहिजे म्हणाले.

आमच्याकडे एक रीत आहे. रविवारी ज्याच्या हातून शेवटचा वीस पडतो, तो आठवडाभर मला घरी नेतो. मी मेघाच्या पार्लरच्या आरशापुढे बसलोय, रावेरच्या केळीच्या ट्रकातून फिरलोय. नानांकडे तर किती वेळा राहिलो. म्हणून मला ते कळलं, जे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

नानांना ऐकू येत नव्हतं.

दोन वर्षांपासून कान उतरत चालले होते. मुलानं कानाचं मशीन आणून दिलं, ते डबीसकट कपाटात पडलेलं. एकदा फोन आला, नानांचा भाऊ दवाखान्यात आहे असं सांगायला. नानांना वाटलं, लग्न ठरल्याची बातमी असावी. ते म्हणाले, ‘‘वा, झकास! आम्ही येतस बठ्ठा!’’ सगळे येतो म्हणे! त्यानंतर चार दिवस घरात त्यांनी मान वर केली नाही. मी टीव्हीवर बसून बघत होतो. लाकडाला काळीज नसतं म्हणतात, ते खोटं आहे.

खेळात मात्र त्यांचं बेमालूम निभत होतं. उन्हाळ्यात कूलर असा घोंगावायचा की सगळेच ‘काय? काय?’ करायचे. पावसाळ्यात पत्रा वाजायचा. हिवाळ्यात शेजारी लग्नाचा डीजे. सगळे हसले की नाना हसायचे, सगळे माझ्याकडे बघू लागले की नाना मला फेकायचे. पण चुकत होतं. पाळी नसताना मुसळ हाणायचे, मेलेल्या राक्षसाला पुन्हा मारायचे. आणि मागच्या आठवड्यात मला मुठीत धरून ते पुटपुटले, ‘‘हाऊ रविवार शेवटला. गुडघा दुखस म्हनीसन सांगी देसू.’’

गुडघा! जिने धाडधाड चढणारा माणूस! खरं सांगितलं असतं तर संपलं असतं हो. पण बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा तो गडी आपला एकुलता एक रविवार सोडायला निघाला होता. आणि मी वीस तोंडांचा, त्यातलं एकही बोलायच्या कामाचं नाही.

तर तो रविवार उजाडला. जळगावचं मे महिन्यातलं ऊन, पत्र्याची खोली आणि डावाच्या ऐन भरात वीज गेली. कूलर दोनदा खोकला आणि गप्प झाला. खोलीत एकदम शांतता पसरली.

मंतशाचे डोळे चमकले. ती कधीपासून अशा शांततेच्या शोधात होती. ‘‘तुम्ही तिघं सातपुड्याच्या कड्यापाशी पोचलात,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘समोर खोल दरी, बाजूला लांबवर एक दोरीचा पूल. पलीकडच्या सुळक्यावर एक बाई बसलीय. तिला पंख आहेत. ती हाकमारी आहे.’’

‘‘मायव!’’ मेघा म्हणाली. दारावर येऊन नावानं हाक मारणारी आणि ओ दिली की जीव घेणारी ही हडळ आजीनं लहानपणी गोष्टींतून तिला पुरेपूर पुरवली होती.

‘‘ही नुसती हाक मारत नाही,’’ मंतशा म्हणाली. ‘‘ही गाते.’’ आणि उठून खिडकीपाशी उभी राहून ती गाऊ लागली.

‘‘ये रे भाऊ, ये वं बहिन, पाट मांडेल शे,
ऊन ऊन मांड्यावर तूप सांडेल शे…’’

काय सांगू! वर्गात पाढे म्हणून घेऊन घेऊन बसलेला तो आवाज, मधेच फाटायचा, पण गोड असा की माझे आकडे ओले होतात की काय असं वाटलं. आणि बोलावणं तरी कशाचं, तर मांड्यांचं! खापरावर भाजलेली ती ताटाएवढी पुरणपोळी. खानदेशातल्या माणसाला सोन्याची लालूच दाखवा, तो विचार करील. मांड्याचं बोलावणं आल्यावर विचार कोण करतो?

आता या गाण्याचा कायदा ऐका, कारण पुढे सगळं त्याच्यावर आहे. गाणं ज्याच्या कानी पडेल, त्यानं मला फेकायचं. तेरा किंवा वर आले तर मन ताब्यात राहिलं. त्या दिवसापुरतं मग ते गाणं त्याचं काही वाकडं करू शकत नाही. तेराच्या खाली आलं तर मोह पडला. मग शस्त्र चालवायचं नाही, मंत्र म्हणायचा नाही, गाणाऱ्या बाईकडे सरळ नाकासमोर चालत सुटायचं, वाटेत दरी असली तरी. काठावर पोचल्यावर जागं व्हायची एक जादा संधी, तीही माझ्याच हातात. हाकमारीला मात्र दर फेरीला पुन्हा गावं लागतं. ती गायची थांबली की मोह तुटला. आणि मंतशाचा स्वतःचा एक कायदा: इथे मेला तो मेला. चार वर्षं जपलेला वीर असो की कालचा.

मेघानं मला फेकलं. नऊ. मनापासून माफी मागतो. समाधाननं फेकलं. चार. त्याचीही मागतो.

आमच्या टेबलावर मोह पडला की तो करून दाखवावा लागतो. मेघा नि समाधान डोळे मिटून उठले, हात पुढे केले आणि झोपेत चालल्यासारखे खिडकीकडे निघाले. सतरंजीची कडा म्हणजे दरी. समाधान तोंडानं मांडा चावल्याचा आवाज काढत होता.

नानांनी बघितलं, दोघं उठले. खिडकीशी चहाचा थर्मास होता. त्यांना वाटलं, चहाची सुट्टी झाली. त्यांनी चार कप उचलले आणि तेही मागोमाग निघाले.

‘‘नाना!’’ मंतशा खोखो हसली. ‘‘फासा न टाकताच मोहात पडलात!’’

सगळे पोट धरून हसले. नानाही हसले, हातात चार कप घेऊन. काही न ऐकता हसायचं ते हसणं मी त्यांच्या घरी पाहिलं होतं. 

‘‘काठावरची संधी!’’ मंतशानं पुकारलं. समाधाननं डोळे न उघडता मला फेकलं. दोन. मेघानं फेकलं. मी तेरावर जवळजवळ बसलोच होतो, तेवढ्यात सतरंजीच्या सुरकुतीनं घात केला. बारा.

आता कुणी हसेना. ‘‘तुम्हा दोघांचा एकेक पाय दरीवर आहे,’’ मंतशा म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. स्वतःच केलेला कायदा आता मोडता येईना. ‘‘मी पुढचं कडवं गायले की तुम्ही खाली. त्याच्या आधी एकच पाळी उरलीय. नाना, आता सगळं तुमच्यावर आहे.’’

तिघांचे डोळे आपल्याकडे लागले म्हटल्यावर नानांनी कप ठेवले आणि मला फेकलं. अठरा. ‘‘हान मुसय!’’ ते ओरडले.

‘‘कुणाला, नाना? ती दरीपलीकडे आहे. हा आकडा धरायचा नाही, आधी मनाचा फासा. गाणं ऐकलंत ना तुम्ही?’’

‘‘हा हा, झकास.’’

‘‘गोटू काय करतोय पण?’’

‘‘हा हा.’’

वीज आली असती तर निभलं असतं. कूलर घुरघुरला असता आणि सगळ्यांनी ‘काय? काय?’ केलं असतं. पण वीज काही आली नाही. मेघा नानांकडे बघत राहिली. समाधानचे पुढे केलेले हात हळूहळू खाली आले. नानांनी मला उचलून मुठीत धरलं.  त्यांनी दाराकडे बघितलं. मनात म्हटलं, आता गुडघा निघणार.

नानांनी सतरंजीच्या कडेला उभ्या त्या दोघांकडे बघितलं. ज्वालामुखीकडे आणि तीरकमान्याकडे. आपण घाटात गाडी नेली तेव्हा मागच्या सीटवरच्यांना कधी वाऱ्यावर सोडलं नाही, हे ते दर दिवाळीला सांगतात.

‘‘माले आयकू येत नही, पोरी,’’ ते म्हणाले. ‘‘दोन वरीस व्हयनात. तुम्ही हासतस म्हनीसन मी बी हासस. काय चालू शे, माले काहीच माहीत नही.’’

मेघाचे डोळे भरून आले. मंतशानं ओठ चावला. दोघी काहीतरी समजुतीचं बोलणार, आणि ते नानांना कडू जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात समाधाननं टेबलावर अशी थाप मारली की मी मुठीतही दचकलो.

‘‘थांबा! कोनी रडू नका! कायदा काय हाय? गाणं कानी पडलं तर फासा! ज्याले ऐकूच येत नाही त्याले गाणं लागेल कसं?’’

मंतशा मास्तरीण आहे, उत्तर सहज देत नाही. ‘‘नानांना ऐकू येत नाही. गोटू पहिलवानाला येतं.’’

‘‘कुठं लिहेल हाय? दाखव!’’

गोटूचा कागद काढला. उंची, वजन, मुसळ, अंगातलं बळ, सगळं होतं. कानांचा कुठे उल्लेख नाही. मंतशानं कागद उलटा करून मोठ्या अक्षरात सगळी हकिगत लिहिली: हाकमारी, गाणं, जेवणाचं बोलावणं, दरी. खाली प्रश्न लिहिला, ‘गोटूला ऐकू येतं का?’ आणि नानांपुढे सरकवला.

नानांनी वाचलं. पहिल्यांदा एकदा, मग पुन्हा एकदा. चेहऱ्यावर असा उजेड पडला की दोन वर्षांत पाहिला नव्हता. अख्खा डाव त्यांच्या हातात आला होता. त्यांनी पेन घेतलं आणि गोटूच्या नावापुढे ठसठशीत लिहिलं, ‘बहिरा’.

‘‘मना गोटू बी बहिराच शे! मुसयना दणका आयकी आयकी!’’

‘‘मंजूर!’’ मंतशा ओरडली, आणि मग आठवण होऊन तिनं तो शब्द कागदावर लिहिला.

पुढची पाच मिनिटं म्हणजे नुसता धुमाकूळ. गोटू दोरीचा पूल धरून, समोर बघत, आरामात दरी ओलांडून गेला. हाकमारी त्याच्या तोंडावर तेच पहिलं कडवं पुन्हा पुन्हा आळवतेय आणि हा आपला कान खाजवतोय! समाधान लिहून देऊ लागला, ‘मुसळ हाणा’. मंतशानं लिहिलं, ‘एका घावात मरणार नाही. गाणं चालूच राहील.’

नाना हसले. ‘‘मारस कोन? तिनी जेवाले बलायं ना? पाहुना उना. आते पयला घास तिले.’’

कुणाला क्षणभर कळेना. मग मेघानं किंकाळीच फोडली. आग्रहाचा घास! आपल्याकडे पंगतीत व्याह्याच्या तोंडात जिलेबी कोंबतात ना, पोट फुटायला आलं तरी नाही म्हणायची सोय नसते, तसा! गोटूनं हाकमारीच्याच ताटातला मांडा उचलला, चौघडी केली, तुपात बुडवला. तोंड भरलेलं असताना गाणार कशी?

मंतशानं बराच विचार केला. अशा घावाचा कायदा कुठल्याच पुस्तकात नव्हता. शेवटी तिनं लिहिलं, ‘पंधरा.’

नानांनी मला दोन्ही हातांत खुळखुळवलं, फुंकर मारली आणि सोडलं. मी टेबलभर गिरक्या घेतल्या. इतका बेभान मी कधी गडगडलो नव्हतो. थांबलो तो कप आणि बिस्किटाची बशी यांच्या मध्ये अडकून, तिरका. एक तोंड नाही, दोन तोंडं वर.

‘‘धरायचा नाही!’’ मंतशा म्हणाली. पुन्हा टाकलं. मी सरळ चालत गेल्यासारखा गेलो, एकदा कलंडलो आणि बसलो. पंधरा! एक कमी नाही, एक जास्त नाही.

मंतशानं गाल फुगवले, डोळे वटारले आणि ‘‘ये रे भा… म्म्म… म्म्म’’ करत खिडकीशी खाली बसली. मोह तुटला. मेघा नि समाधान दरीवरचा पाय मागे घेऊन एकमेकांच्या गळ्यात पडले, मग नानांच्या. खालून पार्लरमधली एक बाई अर्ध्या भुवयांनिशी जिना चढून वर आली, काय झालं बघायला.

आणि नाना हसत होते. ऐकलं काही नव्हतं, पण हसत होते ते अगदी हसायच्या जागी.

सगळे दमून टेकल्यावर त्यांनी मंतशाला विचारलं, ‘‘पन गानं कसं व्हतं?’’

मंतशानं कागद ओढला. नानांनी तिचा हात धरला. ‘‘लिखू नको. म्हन.’’

ती त्यांच्या कानाशी वाकली आणि जोरात गाऊ लागली. मेघा दुसऱ्या कानाशी आली. समाधान मागून, त्याचा सूर तर देवानं रावेरच्या नाक्यावरच काढून घेतलेला. तिघांनी मिळून ते गाणं इतक्या मोठ्यानं म्हटलं की गल्लीतली कुत्री भुंकू लागली. नाना डोळे मिटून ऐकत होते. हळूहळू त्यांची मान डोलू लागली. ‘पाट’ ऐकू आला असावा, ‘तूप’ तर नक्की आलं.

गाणं संपलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘‘असं व्हतं का गानं!’’ ते म्हणाले. ‘‘मंग लया फासा.’’

मंतशानं हात हलवले, नको, नको. गोटूला गाणं लागत नाही, कायदाच आहे.

‘‘आते आयकं ना मी!’’ नाना गरजले. ‘‘तुमी बठ्ठा गयात नि मी एकलाच राही जासू का? लया फासा!’’

तिघांनी मला त्यांच्या हातावर ठेवलं. नानांनी मला फेकलं.

मित्रहो, मी फासा आहे. कुणाकडे बघून पडत नाही, तेवढं इमान मी चाचांच्या खिळ्यापासून पाळलंय. आजवर जेव्हा जेव्हा मी एकावर बसलो, तेव्हा तेव्हा शिव्या खाल्ल्या, भिंतीवर आपटलो, एकदा तर समाधाननं मला केळीच्या पानात गुंडाळून शिक्षा म्हणून उन्हात ठेवलं होतं. म्हणून हात जोडून विनंती करतो, हात नसले तरी करतो, की एक आला म्हणून कुठल्याही फाशाला नावं ठेवू नका. त्या दुपारी मी गडगडलो, थांबलो आणि वर आला एक. अख्ख्या खोलीनं वीस आल्यासारखा जल्लोष केला, आणि लीलाधर नाना डोळे मिटून, दोन्ही हात पुढे करून, मांड्याच्या दिशेनं चालू लागले.